गार माशांची चौकशी

लालबाग,
४ सप्टेंबर १९५५
(हे पत्र टपालात पडलं नाही. लिहिणाऱ्याने ते ट्रंकेत ठेवलं.)

शेवंती,

वर आशीर्वाद लिहायचा राहिला आहे. लिहू की नको यातच सकाळ गेली. अडीच वर्षांपूर्वी मी तुझ्या नावाने आंघोळ केली, मेलेल्या माणसाची करतात तशी, चाळीच्या नळावर, सगळ्यांच्या देखत. तू तुझ्याच टेलिफोनच्या कचेरीतल्या शरदचंद्र मानकराशी लग्न केलंस म्हणून. तो प्रभू, आपण मराठे. आणि तू मला विचारलं नाहीस, नुसतं सांगितलंस. ज्याच्या नावाने आंघोळ केली त्याला आशीर्वाद चालतो का, हे कोणाला विचारावं? भटजींना विचारलं तर लालबागभर बोभाटा होईल.

तेव्हापासून तुझी काही खबर नाही. तू बरी आहेस का, जेवतेस का, त्या लोकांनी तुला नीट ठेवलं का, काही कळत नाही. गिरगाव काही लांब नाही. पण मला ते विलायतेपेक्षा लांब झालं आहे.

काल न्हाव्याकडे बसलो होतो. पेपरात खाली बारीक बातमी होती. गिरगाव, मोराची वाडी इथले कस्टममधले निवृत्त हेडक्लार्क श्री. अच्युतराव मानकर यांनी घरी काचेच्या टाक्यांत अमेरिकेतले गार जातीचे मासे पाळले आहेत, शौकिनांनी पत्राने चौकशी करावी. हा तुझाच सासरा. शरदचंद्राचा पत्ता तू तेव्हा लिहून ठेवून गेली होतीस, तो मी फाडला होता, पण पाठ झाला होता. न्हाव्याने पाठ फिरवल्यावर मी बातमी फाडून घेतली.

तुझ्या आईला दाखवली. ती म्हणाली, “पोरीची चौकशी करूक माशांची चौकशी? तुमका मासो होयो की पोर होयी?”

मी म्हटलं, तू गप्प बस.

हे पत्र तुला टाकलं आणि तू न वाचता परत पाठवलंस, तर पोस्टमन ते कोणाच्या तरी हातात देणार. म्हणून टाकत नाही.

जयवंत लवू राऊळ
(बाबा असं लिहिलं होतं, ते खोडलं.)


लालबाग,
१२ सप्टेंबर १९५५

श्री. अच्युतराव मानकर यांना नमस्कार.

आपली ओळख नाही तरी लिहीत आहे, राग नसावा. आपल्या माशांची बातमी वाचली. मलाही या जातीचा शौक आहे. माझ्याकडे एक गार आहे. गिरणीतून निवृत्त झाल्यापासून वेळ जात नाही, म्हणून पाळला.

काही गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे गार किती आणि कोणकोणते? टाक्या कुठल्या खोलीत आहेत? त्या खोलीत घरातली माणसं वावरतात का? माणसं किती आहेत? मासे भितात म्हणून विचारतो. सकाळी त्यांना खायला कोण घालतं? तो माणूस रोजचा असतो की बदलता? त्याची तब्येत चांगली असते ना? आजारी माणसाच्या हाताने माशाला रोग लागतो असं ऐकलं आहे.

उत्तर जरूर पाठवा. पत्ता नीट लिहावा. आमच्या चाळीत मालवणकर दोन आहेत. मी तळमजल्यावरचा.

आपला
वसंत मालवणकर


मोराची वाडी, गिरगाव,
१९ सप्टेंबर १९५५

प्रिय मालवणकर,

तुमचं पत्र वाचून किती आनंद झाला ते सांगून पटणार नाही. बातमी आल्यावर मला एकूण चार पत्रं आली. एकाने मासा रुचकर लागतो का विचारलं, दोघांनी फुकट बघायला कधी यावं हे विचारलं. शौकीन असा तुम्हीच पहिला.

माझ्याकडे तीन आहेत. बोटीवरच्या एका इंजिनीयर मित्राने पाण्याच्या डब्यांतून आणून दिले, तेव्हा बोटाएवढे होते. एक ठिपक्या. त्याच्या अंगभर, थेट चोचीपर्यंत काळे ठिपके आहेत. दुसरा लांबचोच्या, त्याची चोच म्हणजे नुसती दाभण. तिसरा सुसऱ्या, तोंड अगदी सुसरीसारखं. हा पुढे माणसाएवढा होतो म्हणतात. आताच हातभर झाला आहे. याला पुढेमागे कुठेतरी मोठ्या हौदात सोडावा लागेल, आणि त्या विचाराने मला झोप लागत नाही. तिघांचे खवले शंकरपाळ्यांसारखे, एकाला एक लागून, दगडासारखे टणक. दिवसभर काठीसारखे पाण्यात लटकून असतात. मधेच वर येतात, हवेचा घोट घेतात, ‘चुक्’ असा आवाज होतो, आणि परत काठी. बायको गेल्यापासून या घरात मला तो आवाज सोबतीला आहे.

टाक्या दिवाणखान्यात आहेत. माणसं तीन : मी, माझा मुलगा आणि सून. जिवंत गप्पी मासे लागतात, ते मी आणतो. पण टाकीत सोडते सून. माझा हात कापतो, पाणी उडतं. तिची तब्येत उत्तम आहे, तेव्हा माशांना रोगाचं भय नाही. तुमची ही काळजी मला फार नवीन वाटली.

तुमचा गार कोणता, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. लांबी किती?

तुमचा
अच्युत मानकर


लालबाग,
३ ऑक्टोबर १९५५

श्री. अच्युतराव यांना नमस्कार.

आपलं पत्र तीनदा वाचलं. घरातही वाचून दाखवलं. तब्येत उत्तम आहे हे वाक्य दोनदा वाचावं लागलं, कारण आमच्या मंडळींना कमी ऐकू येतं.

आपल्याशी खोटं बोलवत नाही. माझ्याकडे गार नव्हता. आपलं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. ते आलं, तेव्हा लाज वाटली. इराण्याने टाकून दिलेली केकची काचपेटी आणली, फटींना डांबर लावलं, आणि माहीमच्या रमाबाई कोळणीला सांगून खाडीतला टोळ जिवंत मागवला. टोळालाही तशीच लांब चोच असते म्हणून मला वाटलं, हा आपलाच गार. रमाबाई म्हणाली, “आजोबा, हा रश्शाचा मासा. ह्याला काचेत घालून काय पूजा करताव?” पहिला दुसऱ्या दिवशी मेला. दुसरा भिंतीवर धडका मारून चोच मोडून घेतो आहे. काय करावं? मला रात्रभर त्याचीच काळजी. पेटीत ठेवलेला मासा मेला तर त्याचं पाप लागतं का?

आपल्या सूनबाई मासे सोडतात असं लिहिलंत. त्यांना ते काम आवडतं ना? सक्तीचं तर नाही? त्या हसतात का? म्हणजे माशांकडे बघून. माणूस खूश असला तर मासेही नीट खातात, असं माझं मत आहे.

आपला
वसंत मालवणकर


मोराची वाडी, गिरगाव,
१२ ऑक्टोबर १९५५

प्रिय मालवणकर,

खरं सांगितलंत, बरं केलंत. नसलेल्या गाराबद्दल एवढी काळजी करणारा माणूस मला आवडला.

टोळ हा गार नव्हे. चोच सारखी म्हणून एकत्र बसवतात, पण कुळं वेगळी. गार चिलखत घालून फिरतो, टोळ बिचारा उघडा आणि भित्रा. नळाचं पाणी उघड्या घंगाळात दीड दिवस ठेवा, मग वापरा. खाडीतला आहे, तेव्हा मूठभर जाडं मीठ घाला. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून कागद चिकटवा. काच त्याला दिसत नाही, म्हणून तो धडकतो. चौथी बाजू तुमच्यासाठी ठेवा. वर झाकण हवंच, नाहीतर उडी मारेल. खायला गप्पी किंवा जिवंत कोलीम, ती बारीक कोळंबी.

सुनेचं विचारलंत. तिचं नाव उर्मिला. ठिपक्या तिला ओळखतो. ती काचेपाशी गेली की कोपरा सोडून पुढे येतो. मी गेलो तर ढुंकून बघत नाही. सक्ती कसली? मीच तिला आता वाकू नको म्हणतो, कारण तिला दिवस गेले आहेत. मुलगा एकुलता एक, सून एकच, तेव्हा घरात पहिलंच मूल. फाल्गुनात पाळणा हलेल. ही बातमी मी अजून नातेवाइकांनाही दिली नाही, तुम्हाला का देतो आहे कोण जाणे.

टोळाचं कळवा.

तुमचा
अच्युत


लालबाग,
२३ नोव्हेंबर १९५५

अच्युतराव,

खोटं नाव पुरे झालं. मी वसंत मालवणकर नाही. तो माझा शेजारी. त्याच्या पत्त्यावर मी पत्रं मागवली, आणि तो प्रत्येक पत्रामागे माझ्याकडून चहा घेतो. मी जयवंत लवू राऊळ. माझ्या मुलीचं नाव शेवंती. ती आपल्या शरदचंद्राशी लग्न करून गेली.

आपलं मागचं पत्र येऊन सहा आठवडे झाले. आपण लिहिलंत, मुलगा एकुलता एक, सून एकच, नाव उर्मिला. मग माझी शेवंती कुठे आहे?

मी पहिल्या दिवशी म्हटलं, लिहिण्यात चूक असेल. मग म्हटलं, नसेल. मग मनात एकेक यायला लागलं. तिला टाकलं का? ती गेली का? गेली असती तर मला कोणी कळवलं असतं का? कोण कळवणार? मीच तर तिच्या नावाने आंघोळ करून बसलेला. मी तिला मेलेली ठरवली म्हणून ते खरं झालं, असं मला पाण्याचा तांब्या उचलताना रोज वाटतं. बायकोला मी हे नाव वाचून दाखवलं नाही. ‘सून’ एवढंच वाचलं. ती दिवस गेल्याचं ऐकून बाळाची दुपटी शिवायला बसली आहे. तिला काय सांगू?

परवा संप होता. फोर्टात गोळीबार झाला, माणसं पडली. शेवंतीची टेलिफोनची कचेरी त्याच बाजूला. ती जिवंत असेल तर परवा तिथे असेल. दोन्हीकडून माझा जीव जातो. आमच्या गल्लीत पोरं मुंबई आमची म्हणून ओरडत गेली. मीही खिडकीतून ओरडलो, पण माझं लक्ष तिकडे नव्हतं.

हात जोडून विचारतो. काय असेल ते एका ओळीत लिहा.

जयवंत राऊळ


मोराची वाडी, गिरगाव,
२५ नोव्हेंबर १९५५

राऊळ,

आधी खाली बसा. उर्मिला म्हणजे तुमची शेवंतीच. लग्नात ताटातल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने सासरचं नाव लिहायचं असतं. शरदने ‘उर्मिला’ लिहिलं. तुम्ही मांडवात असतात तर ऐकलं असतंत.

ती धडधाकट आहे. सहावा महिना चालू आहे. महिन्याभरापासून रजेवर आहे, परवा घरातच होती. वहिनींना दुपटी शिवू द्या.

आता माझं. तुम्ही मालवणकर नाहीत याची शंका मला आली होती. शौकीन माणूस माशाची लांबी सांगतो, तुम्ही टाकीपाशी कोण उभं असतं तेच विचारत होतात. पण मी ती शंका बाजूला सारली, कारण मला एक मित्र मिळाला होता. त्याचं थोडं वाईट वाटलं. असो.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. पूर्ण ऐकलं, आत गेली, भांडी घासलेली होती ती परत घासली. मग बाहेर येऊन म्हणाली, “मेलेल्या माणसाची खबर कशाला हवी त्यांना?”

तरीही मी तुम्हाला बोलावतो. रविवारी, चार तारखेला, दुपारी चार वाजता मासे बघायला या. ती बाहेर येईल असं वचन मी देत नाही. गाराने तुम्हाला बोलावलं आहे असं समजा.

अच्युत मानकर


मोराची वाडी, गिरगाव,
६ डिसेंबर १९५५

राऊळ,

हे पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही वेळेवर आलात. वहिनी का आल्या नाहीत विचारलं, तर म्हणालात, “ती म्हणते, आंघोळ तुम्ही केलात, मी नाही. आधी तुम्ही जावा.” मी हसलो. मला वाटलं, आता सगळं ठीक होणार. तुम्ही टाकीसमोर तासभर बसलात. ठिपक्या वर आला की तुम्ही बोटं मुडपून मोजत होतात. एकदा आतून बांगड्या वाजल्या तेव्हा तुम्ही मोजायचं विसरलात, हेही मी पाहिलं.

चहा उर्मिलेने स्वतः केला. मला कपाटातले चांगले पेले काढायला लावले. शरदच्या हाती पाठवला आणि दाराआड उभी राहिली. तुम्ही त्या चहाला हात लावला नाहीत. पाण्याच्या भांड्यालाही नाही. मी दोनदा म्हटलं, घ्या. तुम्ही “असू दे, असू दे” म्हणालात आणि सुसऱ्या किती इंच झाला ते विचारलंत. चहावर साय धरली.

तुम्ही गेल्यावर ती बाहेर आली. पेला उचलून मोरीपाशी किती वेळ उभी होती. म्हणाली, “मामंजी, पाहिलंत? अजून आमच्या घरचं पाणी त्यांना चालत नाही. मासे चालतात.”

राग असेल तर तो लालबागेत ठेवून यायचा होता. या दिवसांत तिला रडवायला तुम्हाला मी बोलावलं नव्हतं.

मानकर


लालबाग,
८ डिसेंबर १९५५

शेवंती,

हे पत्र मी टपालात टाकणार आहे. वर आशीर्वाद लिहिला नाही, शेवटी लिहीन, तोवर वाच.

चहात आलं होतं. मला वास आला. माझ्या चहात आलं लागतं हे तू विसरली नाहीस, हे मला पेला समोर आल्याबरोबर कळलं. म्हणून मी पेल्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर प्यालो असतो.

अगं, आपल्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणी घेत नाही. तुझ्या आईचे वडील, आनंदा आजोबा, तुझ्या जन्माआधी दोनदा मुंबईला आले. आमच्याकडे बसायचे आणि तहान लागली की शेवटच्या खोलीतल्या शेजाऱ्याकडे जाऊन पाणी प्यायचे. उन्हाळ्यात जीव जायचा म्हाताऱ्याचा. पण लेकीच्या घरचा तांब्या नको. मी तेवढंच केलं.

तू माझी कोणी नसतीस तर मी तो चहा बशीत ओतून घटाघट प्यालो असतो. मासे बघायला आलेला मालवणकर दुसरा पेलाही मागता. मी तुझा बाप म्हणून आलो होतो, म्हणून कोरड्या घशाने परत गेलो. ठाकुरद्वारला रस्त्यावरच्या नळाला तोंड लावलं. प्यालो तेव्हा मला बरं वाटत होतं, खरं सांगतो. वाटलं, अडीच वर्षांनी आज बापासारखं काहीतरी केलं. आणि तू इकडे रडत होतीस.

हे तिथे बोलायला हवं होतं. तुझी आई सकाळपासून तेच म्हणते आहे. “तोंड होता मां तुमका? सांगूक काय झाला होता?” पण इतक्या दिवसांनी तुझ्या दारात आलो, आणि पहिलंच वाक्य ‘मी पाणी घेणार नाही’ असं कसं उच्चारू? तू तर आतच होतीस. तुला काय ऐकू गेलं असतं, काय नाही. मला वाटलं, तुला ठाऊक असेल. मी विसरलो की माझ्या वागण्यातून तुला आता वाईटच दिसणार. ती सवय मीच तुला लावली.

आंघोळीचं काय लिहू? ते पाणी अंगावरून गेलं ते परत तांब्यात भरता येत नाही. चुकलो.

रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं. तू आलीस तर आई खोली धुऊन ठेवील. नाही आलीस तर मी काही म्हणणार नाही. काळजी करीन, पण म्हणणार काही नाही.

तुला अनेक आशीर्वाद.

बाबा


मोराची वाडी, गिरगाव,
३१ जानेवारी १९५६

जयवंतराव,

तुमची पाच कार्डं काल एकदम आली. पंधरा दिवस गोळीबार आणि संचारबंदी, टपाल कुठे अडकलं होतं देव जाणे. पहिल्या कार्डात तुम्ही विचारता, उत्तर का नाही. दुसऱ्यात विचारता, पहिलं पोहोचलं का. पाचव्यात आमच्या वाडीवर गोळी लागली का ते विचारता आणि वर लिहिता की लागली असेल तर कळवावं. आम्ही सगळे ठीक आहोत. वाडीच्या तोंडाशी धूर झाला, उर्मिलेचे डोळे दिवसभर चुरचुरत होते, एवढंच. गप्पी मिळेनात म्हणून गारांना नऊ दिवस उपास घडला. तिघांनीही कुरकुर केली नाही. सुसऱ्याला पुढच्या महिन्यात मोठ्या हौदात देणार आहे. मी तयारी करतो आहे, मनाची.

आधी माझं कर्ज फेडतो : मागच्या पत्रातले माझे शब्द मी परत घेतो. मूल होईपर्यंत पाणी न घेण्याची जी रीत तुम्ही कार्डात लिहिलीत, ती आमच्याकडेही माझ्या आजोबांच्या वेळी होती. पण ज्या घरात जातीवरून तुटलं, तिथे न प्यालेल्या चहाचा दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येणार?

तुमचं पत्र तिने एकटीने वाचलं. मला दाखवलं नाही, उत्तरही लिहिलं नाही. लालबागेला यायचं मी विचारून पाहिलं. “नाही” म्हणाली. डॉक्टरही या धामधुमीत हलवू नका म्हणतात. तेव्हा बाळंतपण इथेच.

पण एक सांगतो. परवा शेजारच्या लीलाबाई आल्या होत्या. खोचकपणे म्हणाल्या, “तुझे वडील आले आणि चहा तसाच टाकून गेले म्हणे!” उर्मिला ताडकन म्हणाली, “आमच्यात तशी पद्धत आहे. मूल होईपर्यंत बाप पाणी घेत नाही.”

‘आमच्यात’ म्हणाली, जयवंतराव. मी ठिपक्याकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला चष्मा पुसायचा होता.

टोळ जगला हे वाचून आनंद झाला. आता तरी लांबी मोजा.

तुमचा
अच्युत


मोराची वाडी, गिरगाव,
१७ मार्च १९५६

बाबा,

मंगळवारी पहाटे मुलगी झाली. मी बरी आहे, ती बरी आहे. तिला केस भरपूर आहेत आणि रडताना ती भुवया तुमच्यासारख्या वर नेते. मामंजी तुम्हाला कळवायला निघाले होते, मीच म्हटलं, मी लिहीन.

तुमचं पत्र मी तीन महिने उशाखाली ठेवलं आहे. राग गेला, असं लिहिलं तर खोटं होईल. नळावर तुम्ही आंघोळ करत होता तेव्हा मी गेले नव्हते. चाळीच्या कोपऱ्यावर उभी होते, कोणी थांबवतंय का बघत. तुमच्या डोक्यावर तीन तांब्ये गेलेले मी मोजले. मग गेले. हे तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत असू दे.

पण त्या दिवशी चहा गार झाला तेव्हा, तुम्ही गेल्यावर, मला वाटलं की हा माणूस परत येणार नाही. आणि त्या वाटण्याने मला जे झालं, त्यावरून कळलं की मी अजून त्या कोपऱ्यावरच उभी आहे.

बारसं बाराव्या दिवशी, शनिवारी, चोवीस तारखेला आहे. तोवर मला उठायची बंदी आहे. त्या दिवशी मी उठेन. आईला घेऊन या. पाणी मी स्वतः देणार, दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवणार नाही.

इथे सगळे मला उर्मिला म्हणतात, मला ते नाव आवडतं. तुम्ही शेवंती म्हटलंत तरी चालेल.

तुमची
शेवंती


लालबाग,
१९ मार्च १९५६

चि. शेवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र आज दुपारी मिळालं. तुझी आई मोठ्याने रडली, मग लगेच चाळीत साखर वाटायला गेली. मालवणकर म्हणतो, तीन महिने पत्रं सांभाळली, आता बारशाच्या जेवणाला मलाही न्या.

तीन तांब्ये तू मोजलेस, हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला बघितलं असतं तर चौथा ओतला नसता. चार होते.

शनिवारला पाच दिवस आहेत. मला बऱ्याच काळज्या आहेत. बाळंतिणीने पत्र लिहू नये, डोळ्यांवर ताण येतो, आता लिहू नकोस. बाळाच्या कानात वारा जाऊ देऊ नकोस. शनिवारी परत संप वगैरे झाला तर? ट्राम बंद पडली तर? दुपटी अकरा झाली आहेत, ती पुरतील का? मी ओवाळणीत काय घालावं, प्रभूंकडे काय घालतात, ते अच्युतरावांना विचारलं तर त्यांना राग येईल का?

आईला ट्रामने पाठवतो, मालवणकर सोबत असेल. मी सकाळी घरी पाणी घेणार नाही, चहाही नाही. लालबागहून चालत येईन. मार्चचं ऊन आहे, गिरगावापर्यंत चांगली तहान लागेल.

बाबा